सहामोतीवर घाव

आमच्या घरी जेवताना दोनच विषय निघत: मीठ आणि छिन्नी. मीठ कधी कमी असे, कधी जास्त. छिन्नी मात्र रोज त्याच मापाची.

तिची हकिकत अशी. माझे वडील सार्वजनिक वजनकाट्यांच्या कंपनीत तपासनीस होते. स्टेशनवर, बागेच्या दाराशी, दवाखान्याच्या व्हरांड्यात पूर्वी ते उंच लोखंडी काटे उभे असायचे. वर चढायचं, फटीत नाणं टाकायचं, की खालच्या तोंडातून वजनाचं तिकीट. लोक नाणं टाकत, तिकीट येत नसे, लोक काट्याला लाथ घालत आणि मग कंपनी बाबांना पाठवत असे. काट्याच्या घशात अडकलेलं नाणं बाबा चिमट्यानं बाहेर काढत. अडकणारं नाणं शहाणं कधीच नसे. कुठलं जाड, कुठलं कडेला चेपलेलं, कुठल्याचा ठसा मध्य सोडून भलतीकडेच बसलेला, तर कुठलं एका बाजूनं साफ कोरं. बाबा ते खिशात घालत, स्वतःचं धडधाकट नाणं कंपनीच्या पेटीत टाकत आणि चोख वागल्याच्या समाधानात घरी येत. नाणी जमवणाऱ्यांच्या जगात असल्या चुकांना भाव असतो. सरळ जन्मलेल्या नाण्याला कोणी विचारत नाही. टाकसाळीत ज्याचं काहीतरी बिनसलं, ते नाणं लोक मखमलीत जपून ठेवतात. हा नियम माणसांना लागू नाही, हे मला घरातच लवकर कळलं.

बाबा म्हणजे गरीब गाय, असा समज कोणी करून घेऊ नये. ते तापट होते, चिक्कू होते आणि एकच कोट त्यांनी इतकी वर्षं वापरला, की शेवटी कोटच त्यांना वापरतोय असं आई म्हणायची. नाण्यांशी मात्र ते मायेनं वागत. आमच्या वाट्याची बरीचशी माया तिकडे खर्च होई.

त्यांचा सगळ्यात लाडका होता दोन नाकांचा राजा. जुन्या चांदीच्या नाण्यावर राजाचा मुखडा असायचा. हे नाणं ठशाखालून वेळेवर निसटलं नव्हतं, म्हणून ठसा जरा सरकून दुसऱ्यांदा बसला. त्यामुळे राजाला दोन नाकं, दोन हनुवट्या आणि चेहऱ्यावर कुणीतरी मागून हाक मारल्यासारखा भाव. हे नाणं घेऊन बाबा एका रविवारी सकाळी नाणे-अभ्यासक मंडळात गेले. ताई तेव्हा शाळकरी होती. तिला त्यांनी बरोबर नेलं, टाळ्या वाजवायला.

मंडळ एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरत असे, अजूनही भरतं. खुर्च्या सभेपुरत्या खालच्या दुकानातून वर येतात. त्यामुळे सभासद किमतीच्या चिठ्ठ्या लोंबणाऱ्या खुर्च्यांवर बसून नाण्यांच्या किमती ठरवत असतात. मंडळाचे परीक्षक होते सर. त्यांना दुसरं नाव असेल, पण ते वापरायची कोणाची छाती नव्हती. आमच्या घरात त्यांना छिन्न्या म्हणत.

याला कारण मंडळाचा रिवाज. ज्याला नाणं तपासून घ्यायचं असेल त्यानं आधी सगळ्यांसमोर "निकाल मान्य आहे" म्हणायचं. सर खरं म्हणाले तर टाळ्या. खोटं म्हणाले तर सर तिथल्या तिथे, टेबलावरच्या छोट्या ऐरणीवर नाणं ठेवून त्याला छिन्नीचा एक घाव घालत. एवढी खाच पडली की ते नाणं पुन्हा कुणाला फसवू शकत नाही. जगाच्या भल्यासाठी ज्या गोष्टी केल्या जातात, त्यांत भलं करणाऱ्याची बरी करमणूक होते. यातही होत असे.

सरांनी त्या दिवशी आधी कोट पाहिला, मग नाणं.

"कुठून आलं?"

"वजनकाट्यातून," बाबा म्हणाले.

सभा हसली. सरांनी भिंग डोळ्याला लावलं न लावलं आणि काढलं. "ओतीव शिसं. वर चांदीचा मुलामा. साचा हलला आणि यांना दोन नाकं मिळाली." आणि घाव घातला. खाच दोन्ही नाकांच्या मधून गेली. आत शिसं असायला हवं होतं. आत पांढरीशुभ्र चांदी होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बाबांनी पाहिली, ताईनं पाहिली, पहिल्या रांगेत बसलेल्या तरुण चिटणिसानं मान पुढे काढून पाहिली. सरांनी तर सगळ्यांच्या आधी पाहिली. एक श्वासभर थांबून ते म्हणाले, "चांदी वापरून खोटं करणारे तर जास्तच धोक्याचे."

टाळ्या झाल्या. चिटणिसानंही वाजवल्या.

त्या दिवसापासून बाबांनी नाणी जमवणं सोडलं आणि डूख धरला. हा छंद जास्त स्वस्त असतो आणि त्याला जागा लागत नाही, असं वाटतं. आईला तसं वाटत नव्हतं. "त्या नाण्यानं माझ्या घरात सवत आणली," ती म्हणायची, "आणि तिचं नाव छिन्नी." खाच पडलेला राजा बाबांच्या दाढीच्या डबीत राहायला गेला. रोज सकाळी गालाला साबण फासता फासता बाबा त्याच्याकडे पाहत, आणि दिवसभर पुरेल इतका संताप भरून घेत.

त्यांची मागणी अगदी नेमकी होती. "मला भरपाई नको," ते म्हणत, "माफीही नको. त्यानं त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर उभं राहून एकदा 'खरं' म्हणावं. एवढंच."

एवढंच, पण छिन्न्या दिवसेंदिवस मोठा होत गेला. खोटं म्हणणं हा फार सुरक्षित धंदा आहे, हे त्याला लवकर उमगलं होतं. खोट्याला खरं म्हटलं तर कधीतरी पितळ उघडं पडतं. खऱ्याला खोटं म्हटलं तर तक्रार कोण करणार? नाण्याला तोंड नसतं आणि मालकाला पुरावा नसतो. दहा जणांना नाही म्हणायचं आणि अकराव्याला हो म्हणायचं. तो अकरावा जन्मभर पाया पडतो. मंडळातल्या प्रत्येक सभासदाच्या कपाटात सरांच्या सहीची प्रमाणपत्रं होती. सरांची सही असेल तर नाण्याला किंमत, नसेल तर ते खिशातली चिल्लर.

ताई मोठी झाली आणि भूलतज्ज्ञ झाली. माणसाला न दुखवता झोपवायचं आणि वेळेवर उठवायचं हे तिचं काम. यातला पहिला अर्धा भाग सरांवर वापरायचा, असं तिनं शाळेतच ठरवलं असावं. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, म्हणून घरात मला कोणी काही विचारत नाही.

मागच्या वर्षी एक हृदयरोगतज्ज्ञ वारले आणि त्यांचा नाण्यांचा संग्रह लिलावात निघाला. ताई लिलावातून घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. टेबलावर तिनं एक सीलबंद प्लॅस्टिकची डबी ठेवली.

"नवी गाडी रद्द," ती म्हणाली.

"चाकं कुठायत?" आईनं विचारलं.

डबीत सहामोती होतं. हे समजावून सांगायला हवं. राजाच्या मुकुटावर एरवी सात मोती असतात. टाकसाळीत एका ठशाच्या वेळी कारागिरानं सहाच कोरले. मोजायला विसरला असेल किंवा जेवणाची सुट्टी झाली असेल. त्या ठशाची नाणी थोडीच निघाली. हा प्रकार पहिल्यांदा ओळखला सरांनी. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि पुस्तकानं त्यांना सर केलं. डबीसोबत त्यांच्या सहीचं प्रमाणपत्र होतं: नाण्याचा मोठा करून छापलेला फोटो, वजन, आणि खाली वळणदार अक्षरात, 'कडेवर डाव्या अंगाला बारीक टोचा. निःसंशय अस्सल. मी पाहिलेलं सर्वोत्तम सहामोती.'

"आता ऐका," ताई म्हणाली. "डबी फोडायची. नाणं कागदाच्या पुडीत घालायचं. त्याला घासायचं नाही, मळवायचं नाही, काही म्हणजे काही करायचं नाही. फक्त ते बाबांनी घेऊन जायचं. कोट घालून."

"आणि?"

"आणि काही नाही. बाकीचं सगळं तो करेल."

मी म्हणालो, "अगं, तो स्वतःचं नाणं ओळखणार नाही का? सर्वोत्तम आहे म्हणून सही केलीय त्यानं."

"तो नाणं बघतच नाही. आणणारा बघतो. एकदा खोटं आणणारा माणूस दुसऱ्यांदा काय आणणार?"

"आणि ओळखलंच तर?"

"तर 'खरं' म्हणेल. बाबांना टाळ्या मिळतील. तेही वाईट नाही." मग तिनं जरा विचार केला. "पण वाईट आहे. मला नाही चालणार."

"ताई, पण त्यानं खोटं म्हटलं, तर हे कापलं जाईल."

"बाबांचं नव्हतं कापलं?"

"म्हणून हेही? याचा काय गुन्हा?"

"तू ना, नाण्यांची वकिली करू नकोस. तुझे विद्यार्थी बरे, झोपतात तरी."

बाबांनी डबी उचलली आणि खिडकीशी गेले. पुढचे काही दिवस ते त्या खिडकीतच दिसत. डबी फोडल्यावर नाणं तळहातावर घ्यायचे, उन्हाला धरायचे, भिंगातून मोती मोजायचे. सहाच भरत, तरी पुन्हा मोजायचे. त्यांचा चेहरा इतका मऊ झालेला मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. मला वाटलं, सुटलो. यांच्या हातून आता हे होणार नाही.

"बाबा, फार देखणं आहे ना?" मी म्हणालो.

"फार," ते म्हणाले. "नुसतं बघत राहावं." नाणं त्यांनी पुडीत गुंडाळलं. "म्हणून तर हेच न्यायचं. भिकारडं कापून काय उपयोग?"

रविवारी मी, ताई आणि बाबा ताईच्या जुन्या गाडीतून मंडळात गेलो. ताई आणि मी मागच्या रांगेत बसलो. माझ्या खुर्चीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सवलतीत, पाय किंचित आखूड.' सर आता पिकले होते, पण ताठ होते. चिटणीस मधल्या काळात जाडजूड झाला होता आणि सरांच्या उजव्या हाताला बसून माना डोलवत होता. आधी दोघांची नाणी तपासली गेली. एक खरं निघालं, ते बँकेच्या मॅनेजरचं होतं. मग चिटणिसानं बाबांना पुढे बोलावलं आणि सरांच्या कानात काहीतरी सांगितलं. सर हसले.

"अरे वा! वजनकाटेवाले! अजून आहात?"

"आहे ना," बाबा म्हणाले. "तुमच्या कृपेनं."

"निकाल मान्य?"

"निकाल मान्य आहे."

बाबांनी पुडी टेबलावर उलगडली. सरांनी नाणं दोन बोटांत धरलं. मोती मोजताना त्यांचे ओठ हलले आणि सहाव्यावर थांबले. ताईनं माझं मनगट धरलं. सवयीनं, नाडी बघायला.

"सहामोती," सर मोठ्यानं म्हणाले. सभेत कुजबुज झाली. "कुठून आलं?"

"लिलावातून घेतलं."

"तुम्ही घेतलंत."

"मुलीनं घेतलं. माझ्यासाठी."

"हौसेला मोल नाही." हशा. चिटणिसानं नाणं छोट्या काट्यावर ठेवून वजन वाचून दाखवलं. सरांनी मान डोलावली. "बघा मंडळी, वजन अगदी बरोबर आहे. जरा जास्तच बरोबर. वापरातलं नाणं थोडं तरी झिजतं. कडेचे दाते बघा, एकसारखे. कोणाला दाखवायला केलेत? आणि मोती कसे, कालच ओवल्यासारखे. खोटं करणारा हल्ली वजनात चुकत नाही, दात्यांत चुकत नाही. तो एकाच ठिकाणी चुकतो." त्यांनी बाबांच्या कोटाकडे भिंग रोखलं. "नाणं कुणाच्या हाती पाठवायचं, तिथे."

सभा खूष झाली. एकजण तर खुर्चीवर थाप मारून हसला आणि किमतीची चिठ्ठी गळून पडली.

"जगात जेवढी सहामोती आहेत ना," सर म्हणाले, "ती सगळी या हातांतून गेलीत. ती कुणाकडे आहेत हे मला पाठ आहे. हे त्यांतलं नाही. खोटं."

"सर," बाबा नम्रपणे म्हणाले, "एकदा नीट बघता का? डाव्या कडेला काही दिसतंय का?"

हे ठरलेलं नव्हतं. ताईची पकड घट्ट झाली. मला वाटलं, म्हातारा ऐन वेळी विरघळला. पुढे बाबांनीच सांगितलं, की त्यांना सरांना वाचवायचं नव्हतं. एक दार उघडून द्यायचं आणि त्यानं ते स्वतःच्या हातानं लावून घेतलेलं बघायचं, एवढीच हौस होती.

"कडेला टोचा आहे," सर न बघता बोटानं चाचपत म्हणाले. "जुनं वाटावं म्हणून मारलाय. निकाल मान्य म्हणालात ना? मग?"

"मान्यच आहे," बाबा म्हणाले.

ऐरण पुढे आली. सरांचा हात पूर्वीसारखा राहिला नव्हता. नाणं ऐरणीवरून सरकलं. बाबांनी पुढे होऊन ते दोन बोटांनी धरलं.

"बोटं काढा, लागेल."

"लागू दे. मी धरतो, तुम्ही मारा. मागच्या खेपेला तिरका बसला होता."

घाव बसला. एवढासा आवाज, डबीचं झाकण लागावं तसा. मुकुटापासून हनुवटीपर्यंत खाच गेली आणि तिच्यात चांदी चमकली. बाबांनी नाणं उचलून उजेडाला धरलं आणि मागे वळून म्हणाले, "ताई, ये गं."

ताई उठली. ऑपरेशनला जाते तशी सावकाश चालत गेली आणि प्रमाणपत्र चिटणिसाच्या हातात दिलं. "मोठ्यानं वाचा, प्लीज. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

चिटणिसानं वाचायला सुरुवात केली आणि 'टोचा'पाशी त्याचा आवाज बसला. फोटो हातोहात फिरला. नाणं त्याच्या मागोमाग फिरलं. टोचा जिथल्या तिथे होता. वजन तर चिटणिसानंच नुकतं वाचलं होतं.

"बनावट आहे हे," सर म्हणाले. "प्रमाणपत्र बनावट."

"तुमच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हाच फोटो आहे," ताई म्हणाली. "आणलंय मी. काढू?"

सरांनी फोटो हातात घेतला. या वेळी त्यांनी खरोखर पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. आता त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. आज चुकलो म्हणायचं, किंवा तेव्हा चुकलो म्हणायचं. पहिला रस्ता सोपा होता. पण त्या रस्त्यावर जुना कोट घातलेला माणूस उभा होता.

"तेव्हा माझी नजर चुकली असेल," ते म्हणाले. "आज नाही चुकलेली. हे सहामोती खोटंच आहे. प्रमाणपत्र मी मागे घेतो."

ताईची तयारी इथपर्यंतच होती. पुढचं तिच्याही ध्यानीमनी नव्हतं. हॉलमधला प्रत्येकजण मनातल्या मनात घरी पोचला होता आणि स्वतःचं कपाट उघडून उभा होता. तिथल्या प्रत्येक डबीवर हीच सही होती. तेव्हाची नजर चुकली असेल तर सगळ्यांची डबीतली लक्ष्मी एका वाक्यात चिल्लर होणार होती.

पहिला उठला बँकेचा मॅनेजर. "असं कसं सर? तेव्हा चुकलात असं कसं म्हणता? तेव्हा तुम्ही अगदी बरोबर होतात!"

"तेव्हाची नजर म्हणजे काय नजर होती!" दुसरा.

"आज जरा थकलेत सर," तिसरी एक बाई म्हणाली. "उकाडा किती आहे."

"मी थकलेलो नाही! मी सांगतोय ना, हे खोटं आहे!"

"बघा, चिडतात पण आता," ती बाई शेजारणीला म्हणाली.

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तूंना खोटं म्हटलं, त्याला ते एकदा स्वतःच्या सहीबद्दल म्हणू देईनात. चहा यायच्या आत सगळं उरकलं. चिटणिसानं गहिवरून एक ठराव मांडला: सरांनी आजवर दिलेली सर्व प्रमाणपत्रं कायम, सरांना मानाची निवृत्ती, आणि नवे परीक्षक म्हणून, सर्वांचा आग्रहच असेल तर, चिटणीस स्वतः. सर्वांचा आग्रह होता. सरांना शाल देऊ म्हणाले, पण शाल कोणी आणली नव्हती.

सर कुणाला दिसायच्या आत जिना उतरून गेले. छिन्नी टेबलावरच राहिली.

"चला बाबा," ताई म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "झालं."

"काय झालं?" बाबा म्हणाले. "तो 'खरं' कुठे म्हणाला?"

आणि ते सरांच्या मागे जिना उतरले. आम्ही धावलो. खाली दुकानात सर एका नव्याकोऱ्या डबल बेडच्या कडेला बसले होते. उशीवर 'दोन उशा मोफत' अशी पाटी होती. एक विक्रेता लांबून त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून आशेनं बघत होता.

बाबा समोर उभे राहिले. दाढीची डबी त्यांनी कोटाच्या खिशातून काढली, तिच्यातून दोन नाकांचा राजा काढला आणि सरांच्या मांडीवर ठेवला.

सरांनी तो पाहिला. भिंग वर राहिलं होतं, तरी पाहिला.

"खरं होतं," ते म्हणाले. "घाव घातला आणि कळलं."

"घाव घातल्यावर कळलं, मग बोलला का नाहीत?"

"टाळ्या सुरू झाल्या होत्या."

बाबा ताड ताड बोलतील असं मला वाटलं. इतकी वर्षं त्यांनी या माणसाला घातलेल्या शिव्या मला तोंडपाठ होत्या. पण ते फक्त म्हणाले, "वर या. वर येऊन हेच सांगा. त्या सगळ्यांसमोर."

"त्यानं तुम्हाला काय मिळणार?"

"ते मी बघेन. उठा."

सर उठले. त्यांना पश्चात्ताप झाला असेल, मी नाही म्हणत नाही. पण जिना चढताना त्यांचं तोंड पाहिलं तर वाटलं, यांना मंडळाचं उट्टं काढायचंय. एक चूक माझ्या पदरात घालता काय? थांबा, आणखी एक घाला.

वर चहा चालू होता. सर हॉलच्या मधोमध उभे राहिले. राजा उंच धरून खणखणीत आवाजात म्हणाले, "हे नाणं अस्सल आहे. दुहेरी ठशाचं, अस्सल चांदीचं. मी ते खोटं ठरवलं आणि कापलं. खरं होतं हे मला त्याच क्षणी कळलं होतं. हे खरं आहे!"

बाबा ताठ उभे होते. याच वाक्यासाठी त्यांनी इतकी वर्षं दाढी केली होती.

लोक एकमेकांकडे बघून हळूच हसले, आजारी माणूस उठून बसला की हसतात तसे.

"हो सर," नवा परीक्षक म्हणाला. "खरं आहे सर. बसा. अरे, सरांना पाणी आणा कोणीतरी."

"मगाशी खऱ्याला खोटं," ती बाई कुजबुजली, "आता खोट्याला खरं. बिचारे."

"मी शुद्धीवर आहे!" सर ओरडले. ओरडल्यामुळे उरलीसुरली शंकाही फिटली. दोघांनी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. ज्याच्या तोंडून आलेल्या 'खरं'ला किंमत होती, ते तोंड आम्ही सकाळीच फोडून ठेवलं होतं. हे असं होतं हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. घरात कोणी विचारलं नव्हतं.

बाबांनी सरांच्या हातातून राजा काढून घेतला आणि टेबलावर नव्या परीक्षकापुढे ठेवला. "मग तुम्ही सांगा. तुम्ही पहिल्या रांगेत होता. आत काय होतं ते तुम्ही मान काढून बघितलंत. निकाल मान्य आहे."

नव्या परीक्षकानं नाण्याकडे पाहिलं. मग कोटाकडे पाहिलं. मग भिंग उचललं आणि ते न वापरता खाली ठेवलं.

"खाच पडलेलं नाणं पुन्हा तपासता येत नाही, काका," तो म्हणाला. "रिवाज आहे. मी काय करू?"

आम्ही गाडीत बसलो. ताईनं किल्ली फिरवली. गाडी नेहमीप्रमाणे तिसऱ्या खेपेला सुरू झाली. ताईला आरशात बाबांचं तोंड दिसत होतं, मला फक्त कोट दिसत होता.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "संपला तो. तुमच्या डोळ्यांसमोर. मला तर पुरलं."

"मला नाही पुरलं."

"आता अजून काय?"

सिग्नल लागला. बाबांनी खाच पडलेली दोन्ही नाणी एकाच पुडीत गुंडाळली, पुडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून थोपटली.

"त्या चिटणिसानं," ते म्हणाले, "काही लिहिलंबिहिलंय का गं? काही स्वतःच्या सहीनं खरं म्हणून दिलंय?"

ताईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"तांब्याच्या नाण्यांवर पुस्तिका आहे त्याची," ती हळूच म्हणाली. "पाच-सहा प्रमाणपत्रंही दिलीत. एक तर आमच्या हॉस्पिटलच्या डीनकडेच आहे."

"तांबं," बाबा म्हणाले आणि त्या दिवसात पहिल्यांदा पाय पसरून, आरामात मागे टेकून बसले. "तांबं मऊ असतं."